पेट्रोलमधले बेंझिन कसे मोजतात?
(विज्ञान पाठ : इयत्ता दहावी ते बारावीसाठी. शेवटचा भाग पालक व विश्वस्तांसाठीही.)



बडोद्यात वाढलेल्या मुलांना कोयलीचे नाव सांगावे लागत नाही. सोव्हिएत सहकार्याने उभारलेला गुजरात तेलशुद्धीकरण कारखाना तेथे १९६५ साली सुरू झाला. त्यापाठोपाठ १९६९ साली स्थापन झालेली आयपीसीएल आली. ही कंपनी २००७ मध्ये रिलायन्समध्ये विलीन झाली, तरी जुन्या बडोदेकरांच्या तोंडी तेच नाव आहे. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा, वडील किंवा काका या कारखान्यांत नोकरीला होते. त्यामुळे बेंझिन, टोल्युइन, झायलीन हे शब्द आपण पाठ्यपुस्तकात वाचण्याआधी घरीच ऐकलेले असतात.

या पाठात आपण एकच प्रश्न घेणार आहोत. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांनुसार पेट्रोलमध्ये बेंझिनचे प्रमाण घनफळाने १ टक्क्यापेक्षा जास्त असता कामा नये, आणि सर्व अरोमॅटिक हायड्रोकार्बन मिळून ३५ टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत. पण पेट्रोल म्हणजे शेकडो संयुगांचे मिश्रण. त्यातली जवळजवळ सगळी रंगहीन, सगळी ज्वालाग्राही, आणि पुष्कळशी एकमेकांसारखीच वागणारी. या गर्दीतून बेंझिन नेमके ओळखायचे कसे आणि मोजायचे कसे?

अरोमॅटिक म्हणजे काय?

बेंझिनच्या रेणूत सहा कार्बन आणि सहा हायड्रोजन असतात. हे संयुग प्रथम वेगळे केले ते मायकेल फॅरडे यांनी, १८२५ साली लंडनमध्ये. त्या काळी दिव्यांसाठी लागणारा वायू तेलापासून तयार करून, दाबाखाली टाक्यांत भरून घरोघर पोचवीत असत. टाक्यांच्या तळाशी थोडा द्रव साचे. फॅरडे यांनी तो पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित केला, थंड करून गोठवला, न गोठलेला भाग काढून टाकला आणि अखेर शुद्ध बेंझिन मिळवले. त्यांच्याजवळ आजचे एकही यंत्र नव्हते. उत्कलनांक आणि द्रवणांक या दोन गुणधर्मांच्या जोरावर त्यांनी हे काम केले, हे ध्यानात ठेवा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

हे सहा कार्बन कड्याच्या आकारात जोडलेले असावेत, असे ऑगस्ट केकुले यांनी १८६५ साली मांडले. कॅथलीन लॉन्सडेल यांनी १९२९ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने हेक्झामिथाइल बेंझिनच्या स्फटिकाचा अभ्यास करून हे कडे सपाट असल्याचे दाखवले. या कड्यात काही इलेक्ट्रॉन कोणत्याही एका बंधाशी बांधलेले नसतात. ते साऱ्या कड्यावर पसरलेले असतात. अरोमॅटिक म्हणजे सुगंधी. या गटातील पहिल्या काही पदार्थांना वास होता म्हणून हे नाव पडले. आज मात्र वासाशी त्याचा संबंध उरलेला नाही. असे पसरलेले इलेक्ट्रॉन असणारे कडे ज्या संयुगात आहे ते अरोमॅटिक.

एका कड्याचे बेंझिन, टोल्युइन, इथाइल बेंझिन आणि तीन झायलीन. दोन कडी जोडली की नॅप्थॅलीन, म्हणजे आपल्या कपाटातल्या डांबरगोळ्यांमधला पदार्थ. पूर्वी तो दगडी कोळशाच्या डांबरापासून काढीत, म्हणून ते नाव. तीन कड्यांचे अँथ्रासीन. याच डांबरातल्या अरोमॅटिक पदार्थांपासून एकोणिसाव्या शतकात कृत्रिम रंग तयार होऊ लागले. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० साली, त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या पुढाकाराने बडोद्यात कलाभवन सुरू झाले तेव्हा कापड रंगविण्याची विद्या तेथील महत्त्वाच्या विषयांत होती. म्हणजे अरोमॅटिक रसायनशास्त्राशी आपल्या गावाचे नाते रिफायनरीच्याही आधीचे आहे.

कच्च्या तेलात अरोमॅटिक मुळातच असतात. त्यांचे प्रमाण मात्र तेलक्षेत्रागणिक बदलते. पेट्रोलमधला मोठा वाटा कारखान्यात तयार होतो. नॅप्थामधील सायक्लोहेक्झेनसारखे रेणू उत्प्रेरकावरून तापवून नेले की त्यांतील हायड्रोजन निघून जातो आणि अरोमॅटिक कडे तयार होते. यामुळे पेट्रोलचा ऑक्टेन अंक वाढतो आणि इंजिन ठोके देत नाही. भारतात फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. ऑक्टेन वाढवण्याचा तो मार्ग मिटल्यावर अरोमॅटिकांचे महत्त्व अधिकच जाणवू लागले. पण बेंझिन हे माणसाला कर्करोग करणारे सिद्ध झालेले रसायन आहे. म्हणजे टोल्युइन हवे, बेंझिन मात्र नको. आणि दोघे तर एकाच घरातले. म्हणून मोजमाप अचूक असावे लागते.

पहिली पायरी : वेगळे करणे

ऊर्ध्वपातन आपण आठवी-नववीतच शिकतो. ज्याचा उत्कलनांक कमी तो आधी उकळून वर जातो. आता पुढील आकडे पाहा.

बेंझिन : ८०.१ अंश सेल्सिअस
सायक्लोहेक्झेन : ८०.७ अंश
टोल्युइन : ११०.६ अंश
इथाइल बेंझिन : १३६.२ अंश
पॅरा-झायलीन : १३८.४ अंश
मेटा-झायलीन : १३९.१ अंश
ऑर्थो-झायलीन : १४४.४ अंश

बेंझिन आणि टोल्युइन यांत ३० अंशांचे अंतर आहे. तेथे ऊर्ध्वपातन उत्तम चालेल. पण बेंझिन आणि सायक्लोहेक्झेन यांत जेमतेम अर्ध्या अंशाचा फरक. एक अरोमॅटिक, दुसरे नाही, तरी उकळताना दोघे बरोबरच निघतात. पॅरा आणि मेटा झायलीनचीही तीच गत. नुसते ऊर्ध्वपातन येथे अडते.

मग करायचे काय? एक गुणधर्म सारखा असला तर दुसरा शोधायचा. पॅरा-झायलीनचा द्रवणांक १३.३ अंश आहे, तर मेटा-झायलीनचा सुमारे उणे ४८ अंश. मिश्रण पुरेसे थंड केले की पॅराचे स्फटिक तयार होतात आणि मेटा द्रवरूपच राहते. फॅरडे यांनी वापरलेली युक्ती हीच. याच पॅरा-झायलीनपासून पुढे पॉलिएस्टरचा कच्चा माल बनतो, म्हणजे तुमच्या गणवेशाच्या कापडातही त्याचा अंश असू शकतो.

बेंझिन आणि सायक्लोहेक्झेन वेगळे करण्यासाठी द्रावकाची मदत घेतात. अरोमॅटिक कड्यावर पसरलेले इलेक्ट्रॉन ग्लायकोलसारख्या ध्रुवीय द्रावकाकडे ओढले जातात. सायक्लोहेक्झेनला असे आकर्षण जवळजवळ नाही. म्हणून ग्लायकोल मिसळून हलवले की बेंझिन त्याच्यात उतरते आणि सायक्लोहेक्झेन वरच्या थरात राहते. युडेक्स या नावाने ओळखली जाणारी पद्धत याच तत्त्वावर चालते. कोयलीच्या कारखान्यात बेंझिन व टोल्युइन वेगळे काढण्यासाठी तीच वापरली गेली. प्रयोगशाळेतल्या काचेच्या नरसाळ्यात जे घडते तेच तेथे अनेक मजली मनोऱ्यात घडते.

हे काम किती चिकाटीचे आहे, याचे एक उदाहरण देतो. अमेरिकेत १९२७ साली एक संशोधन प्रकल्प सुरू झाला. ओक्लाहोमा राज्यातील पाँका सिटी येथील एकाच क्षेत्राचे कच्चे तेल घ्यायचे आणि त्यात नेमकी कोणती हायड्रोकार्बन आहेत ती एकेक करून वेगळी काढायची, असे त्याचे स्वरूप होते. पुढे फ्रेडरिक रॉसिनी यांनी दीर्घकाळ त्याचे नेतृत्व केले. ऊर्ध्वपातन, द्रावकाने वेगळे करणे, सिलिका जेलवरचे अधिशोषण, स्फटिकीकरण अशा सर्व पद्धती आलटून पालटून वापरल्या गेल्या. सुमारे चार दशकांच्या कामातून दोनशेहून अधिक संयुगे वेगळी झाली. आज यंत्र काही तासांत पेट्रोलमधल्या घटकांची यादी देते, त्यामागे या पिढीने शुद्ध स्वरूपात मिळवलेल्या नमुन्यांची पुण्याई आहे. ओळख पटवायची तर तुलनेला खात्रीचा माणूस आधी हवा ना!

खडूच्या नळीतून गॅस क्रोमॅटोग्राफीपर्यंत

मिखाइल त्स्वेत हे रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ वॉर्सा येथे काम करीत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी काचेच्या नळीत खडूची बारीक पूड दाबून भरली, वरून पानांचा अर्क ओतला आणि मागाहून द्रावक सोडला. हिरवे आणि पिवळे पट्टे नळीत वेगवेगळ्या उंचीवर उमटले. जो पदार्थ खडूला घट्ट धरून बसला तो मागे राहिला. ज्याने खडूशी सलगी केली नाही तो द्रावकाबरोबर पुढे गेला. या पद्धतीला त्यांनी १९०६ साली क्रोमॅटोग्राफी असे नाव दिले. गमतीचा भाग असा की, त्यांच्या द्रावकांपैकी एक पेट्रोलियमपासूनच मिळणारा होता.

पेट्रोलसाठी खडूऐवजी सिलिका जेल वापरतात. अरोमॅटिक कडी सिलिकाला अधिक चिकटतात, संतृप्त हायड्रोकार्बन जवळजवळ चिकटत नाहीत, आणि दुहेरी बंध असलेली ओलेफिने मधली. हायड्रोकार्बन तर रंगहीन, मग पट्टे दिसणार कसे? त्यासाठी सिलिकात चमकणारे रंजक मिसळतात आणि अल्कोहोलने नमुना खाली ढकलतात. अतिनील दिव्याखाली पाहिले की ओलेफिनांचा पट्टा पिवळा आणि अरोमॅटिकांचा निळा चमकतो. पट्ट्यांची लांबी पट्टीने मोजायची आणि टक्केवारी काढायची. अनेक दशके जगभरच्या तेलकारखान्यांत अरोमॅटिकांचे एकूण प्रमाण असे मोजले गेले. साधी पट्टी आणि दिवा, पण तत्त्व पक्के.

मात्र या निळ्या पट्ट्यात बेंझिन किती आणि टोल्युइन किती, हे कळत नाही. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफी लागते. ही पद्धत जेम्स आणि मार्टिन यांनी १९५२ साली प्रसिद्ध केली. आज पेट्रोलच्या सविस्तर विश्लेषणासाठी जी नळी वापरतात ती १०० मीटर लांब आणि आतून फक्त पाव मिलिमीटर रुंद असू शकते. ती वेटोळे करून एका लहान भट्टीत ठेवतात. नळीच्या आतल्या भिंतीवर द्रवाचा अगदी पातळ लेप असतो आणि आतून हेलियम किंवा हायड्रोजन वायू वाहत असतो. पेट्रोलचा सूक्ष्म थेंब वाफ होऊन आत शिरतो. ज्या रेणूंना लेपाचे आकर्षण अधिक ते रेंगाळतात, बाकीचे पुढे सरतात. प्रत्येक संयुग आपापल्या वेळी शेवटी पोचते आणि आलेखावर एक उंचवटा उमटतो. उंचवट्याखालचे क्षेत्रफळ म्हणजे त्या संयुगाचे प्रमाण.

येथेही सावध राहावे लागते. लेप अध्रुवीय असेल तर पॅरा आणि मेटा झायलीन एकाच वेळी बाहेर येतात आणि दोघांचा मिळून एकच उंचवटा दिसतो. लेप ध्रुवीय घेतला तर ते वेगळे होतात. आणखी एक महत्त्वाची गोष्ट : यंत्र फक्त वेळ सांगते. अमुक मिनिटाला कोणीतरी आले एवढेच त्याला ठाऊक. ते कोण होते, हे विचारायला दुसरा साक्षीदार लागतो. तो म्हणजे वर्णपट.

दुसरी पायरी : ओळख पटवणे

अतिनील वर्णपट : संतृप्त हायड्रोकार्बन २०० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश अडवत नाहीत. त्या प्रकाशाला ते स्वच्छ काचेसारखे असतात. बेंझिन मात्र सुमारे २५५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषते. कडी वाढत गेली की शोषण लांब तरंगलांबीकडे सरकते. नॅप्थॅलीन सुमारे २७५ नॅनोमीटरला, तर अँथ्रासीन ३७५ नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या उंबरठ्याशी शोषते. अशी कडी शोषलेला प्रकाश निळसर चमक होऊन परतही देतात. म्हणून तेलविहीर खोदताना वर आलेले खडकाचे कण भूवैज्ञानिक अतिनील दिव्याखाली धरून पाहतात. चमक दिसली तर तेलाची शक्यता!

किती प्रकाश शोषला यावरून प्रमाण काढण्याचा नियम असा : शोषण = स्थिरांक × संहती × द्रावणातील मार्गाची लांबी. आपण एक उदाहरण सोडवू. समजा पेट्रोलचा एक नमुना हजारपट विरल केला, १ सेंमी रुंदीच्या पात्रात ठेवला आणि बेंझिनच्या तरंगलांबीला शोषण ०.४० आले. बेंझिनचा स्थिरांक ढोबळमानाने २०० धरू.

संहती = ०.४० ÷ २०० = ०.००२ मोल प्रतिलिटर.
मूळ नमुन्यात = ०.००२ × १००० = २ मोल प्रतिलिटर.
बेंझिनचे रेणुवस्तुमान ७८, म्हणून २ × ७८ = १५६ ग्रॅम प्रतिलिटर.
बेंझिनची घनता सुमारे ०.८८ ग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणून १५६ ÷ ०.८८ = सुमारे १७७ मिलिलिटर प्रतिलिटर, म्हणजे जवळजवळ १८ टक्के!

नियम १ टक्क्याचा आणि उत्तर १८ टक्के. पंपाला टाळे लावायचे का? नाही. आकडेमोडीत कुठेही चूक नाही, तरी निष्कर्ष चुकीचा आहे. कारण टोल्युइन आणि झायलीनही त्याच भागात प्रकाश शोषतात. शोषण सगळ्यांनी मिळून केले आणि हिशेब मात्र एकट्या बेंझिनच्या नावावर लिहिला गेला. आधी वेगळे करा, मग ओळखा, हा क्रम का पाळायचा याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला सुचत नाही.

अवरक्त वर्णपट : रेणूतील बंध स्प्रिंगसारखे हलतात, आणि प्रत्येक हालचालीला ठराविक ऊर्जा लागते. बेंझिन कड्यावरचे सहाही हायड्रोजन कड्याच्या पातळीबाहेर एकदम हलतात तेव्हा ६७४ प्रति सेंमी या तरंगसंख्येला ठळक खूण उमटते. कड्यावर दोन मिथाइल गट बसले की ही खूण सरकते : ऑर्थो-झायलीनमध्ये सुमारे ७४२, मेटामध्ये ७६८, पॅरामध्ये ७९५. गट कोठे बसले आहेत ते यावरून कळते.

मास स्पेक्ट्रोमीटर : येथे इलेक्ट्रॉनांचा मारा करून रेणूला विद्युतभारित करतात, त्याचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याचे वस्तुमान मोजतात. बेंझिनचा रेणू ७८ ला दिसतो. टोल्युइन ९२ ला, पण त्याची सर्वांत उंच रेघ ९१ ला असते, कारण एक हायड्रोजन गमावून तो स्थिर होतो. तिन्ही झायलीन मात्र १०६ आणि ९१ अशाच रेघा देतात. वजन सारखे, तुकडेही जवळजवळ सारखे. म्हणजे वजनकाट्याला हे तीन भाऊ ओळखता येत नाहीत. अवरक्त वर्णपटाला ते सहज ओळखता येतात.

एनएमआर : प्रबळ चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनची अणुकेंद्रके रेडिओलहरींना प्रतिसाद देतात, आणि शेजार कसा आहे त्यानुसार तो प्रतिसाद थोडा बदलतो. अरोमॅटिक कड्यावरचे हायड्रोजन ६.५ ते ८.५ या पट्ट्यात दिसतात, कड्याला जोडलेल्या मिथाइल गटाचे २.३ च्या आसपास, तर साध्या साखळीतले २ च्या खाली. टोल्युइनमध्ये कड्यावरचे हायड्रोजन ५ आणि मिथाइलचे ३, म्हणून क्षेत्रफळांचे गुणोत्तर ५ : ३ येते. डिझेल किंवा त्याहून जड तेलात हजारो संयुगे असल्याने प्रत्येकाचे नाव सांगणे अवघड जाते. तेथेही एकूण हायड्रोजनपैकी किती टक्के अरोमॅटिक कड्यावर आहेत, हे एनएमआर सांगू शकते.

प्रयोगशाळेत निकाल कसा लागतो?

आता आपल्या नमुन्याकडे परत येऊ. विश्लेषक त्यात एक ओळखीचा पदार्थ मोजून मिसळतो. हा पदार्थ पेट्रोलमध्ये एरवी नसणारा आणि आलेखावर वेगळा उठून दिसणारा हवा. मग तो गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये नमुना सोडतो आणि बेंझिनच्या उंचवट्याची त्या पदार्थाच्या उंचवट्याशी तुलना करतो. याचा फायदा असा की, सुईतून थेंब थोडा लहान-मोठा गेला तरी दोन्ही उंचवटे सारख्याच प्रमाणात कमी-जास्त होतात आणि गुणोत्तर बदलत नाही. समजा बरोबर १ टक्का बेंझिन असलेल्या प्रमाणित द्रावणात हे गुणोत्तर ०.५० आले आणि आपल्या नमुन्यात ०.४३. तर बेंझिन = ०.४३ ÷ ०.५० = ०.८६ टक्के. नमुना नियमात बसतो. याच नमुन्याला मघाशी आपण १८ टक्क्यांचा ठपका ठेवणार होतो!

पेट्रोल बदलले की पद्धतही तपासावी लागते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला लागल्यावर जुन्या एका प्रमाणित पद्धतीत इथेनॉलचा उंचवटा बेंझिनच्या जागेवर चढू लागला. तेव्हा नळ्या बदलून पद्धत सुधारावी लागली. भारतात २०२५ मध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले. म्हणून ही बाब आपल्याही कामाची आहे.

करून पाहा : खडूची क्रोमॅटोग्राफी

साहित्य : पांढरा खडू, काळ्या रंगाचे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे स्केच पेन, बशी, पाणी.

कृती : खडूच्या रुंद टोकापासून दीड सेंमी वर स्केच पेनने भोवती एक रेघ काढा. बशीत अर्धा सेंमी पाणी घेऊन त्यात खडू उभा ठेवा. रेघ पाण्याच्या वर राहिली पाहिजे. पाणी खडूत चढू लागेल आणि काळ्या रेघेतून निळा, गुलाबी, पिवळा असे रंग सुटे होतील. पाणी टोकाला पोचण्याआधी खडू बाहेर काढा. रेघेपासून प्रत्येक रंग किती वर गेला आणि पाणी किती वर गेले ते मोजून त्यांचे गुणोत्तर काढा. दुसऱ्या पेनाचे गुणोत्तर तेच येते का? आपल्या फळ्याचे खडू बहुधा जिप्समचे असतात, तर त्स्वेत यांचा खडू कॅल्शियम कार्बोनेटचा होता. तरी तत्त्व एकच.

हा प्रयोग पाण्यानेच करायचा. पेट्रोल, थिनर किंवा घासलेट वापरून कोणीही करू नये.

पालक आणि विश्वस्तांसाठी

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बेंझिनला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत ठेवले आहे. त्याचा मुख्य संबंध रक्ताच्या कर्करोगाशी आहे. ते श्वासावाटे शरीरात जाते, आणि काही प्रमाणात त्वचेतूनही. आपल्या देशात २००९ साली ठरलेल्या मानकांनुसार हवेतील बेंझिनची वार्षिक सरासरी दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये. यावरून ते किती थोडे असले तरी चालत नाही, हे लक्षात येईल.

पेट्रोलमध्ये १ टक्का बेंझिन चालते याचा अर्थ पेट्रोल हाताळायला निर्धोक आहे असा नव्हे. म्हणून घरोघरी काही सवयी बदलायला हव्यात. स्कूटरच्या टाकीतून रबरी नळीने तोंडाने ओढून पेट्रोल काढू नये. ते फुप्फुसात गेले तर जीवावर बेतते. हाताचे ग्रीस किंवा कपड्यावरचा डाग पेट्रोलने धुऊ नये. साबण आणि थोडे खाद्यतेल ग्रीसला पुरते. पंपावर मुलांना नळीच्या तोंडाशी उभे करू नये. डांबरगोळ्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. त्या पेपरमिंटसारख्या दिसतात.

विश्वस्तांना आमची विनंती अशी. जुन्या प्रयोगपुस्तिकांत द्रावक म्हणून बेंझिन सुचवलेले असे. त्यामुळे कित्येक शाळांच्या कपाटात त्याची एखादी बाटली वर्षानुवर्षे पडून असते. आपल्या प्रयोगशाळेच्या कपाटांची एकदा यादी करावी. बेंझिन सापडल्यास ते मोरीत ओतू नये, मुलांकडून हलवू नये, तर घातक रसायने स्वीकारणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे सोपवावे. शालेय प्रयोगांत त्याची गरज उरलेली नाही. जेथे असा द्रावक लागतोच तेथे शिक्षकांच्या देखरेखीखाली कमी घातक पर्याय वापरता येतो. हवा खेळती ठेवणारा पंखा प्रयोगशाळेत चालू स्थितीत असावा. खर्च फार नाही, आणि लाभ रोज तेथे उभ्या राहणाऱ्या शिक्षकांचा व मुलांचा आहे.

स्वाध्याय

१. बेंझिन व सायक्लोहेक्झेन यांचे मिश्रण ऊर्ध्वपातनाने का वेगळे होत नाही? दोन पर्याय सुचवा. (बेंझिनचा द्रवणांक ५.५ अंश व सायक्लोहेक्झेनचा ६.५ अंश आहे. त्यामुळे गोठवण्याचा पर्याय चालेल का?)

२. सिलिका जेलच्या नळीतून हेक्झेन, टोल्युइन आणि नॅप्थॅलीन यांपैकी कोण प्रथम बाहेर पडेल? का?

३. कार्बनच्या एनएमआरमध्ये वेगवेगळ्या जागी असलेल्या प्रत्येक प्रकारच्या कार्बनची एक रेघ येते. पॅरा-झायलीनमध्ये ३ रेघा येतात. कडे काढून पाहा आणि ऑर्थो व मेटामध्ये किती येतील ते मोजा.

४. वरच्या उदाहरणात अतिनील पद्धतीने १८ टक्के आणि गॅस क्रोमॅटोग्राफीने ०.८६ टक्के असे उत्तर आले. दोन्ही यंत्रे बरोबर चालत होती. मग फरक कशाचा? पाच ओळींत लिहा.

५. तुमच्या घरात किंवा शेजारी कोणी तेलकारखान्याच्या प्रयोगशाळेत काम केले असल्यास त्यांच्याकडे जाऊन त्या काळी अरोमॅटिक कसे मोजत, ते विचारा आणि वर्गात सांगा.

तिसऱ्या प्रश्नासाठी पुस्तक उघडण्याआधी कागदावर कडे काढा. आरशातल्या प्रतिबिंबासारख्या जागा एकदा दिसल्या की उत्तर आपोआप मिळते, आणि ते बरेच दिवस लक्षात राहते.